सोफ्यात टोचलेले गळ

"अहो, तुमचे ते गळ सोफ्यावरून उचला आधी!" शिंपीणबाई सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होत्या.

"दोनच मिनिटं गं," घड्याळजी मान वर न करता म्हणाले. सुट्टीचा दिवस, तळ्यावर मासे धरायला जायचं, म्हणून बैठकीत सगळा पसारा मांडलेला. दोऱ्याला बांधून झालेला गळ ठेवायचा कुठे? सोफ्याच्या गादीत टोचायचा, झालं! मंडळी, तुमच्याआमच्या घरी असा एखादा महाभाग असतोच.

बाईंनी सोफ्यावर पडलेलं शिवणाचं कापड ओढलं आणि त्या किंचाळल्या. उजव्या हाताच्या तर्जनीत गळ पार आतपर्यंत रुतला होता.

घड्याळजींची पाचावर धारण बसली. तरी उसनं अवसान आणून त्यांनी पक्कड उचलली. "डोळे मीट. एक हिसका, की मोकळी!"

"खाली ठेव ती पक्कड!" दारातून आवाज आला. घड्याळजींच्या थोरल्या ताई दवाखान्यात नर्स होत्या आणि वरच्याच मजल्यावर राहायच्या. किंकाळी ऐकून त्या धावत आल्या होत्या.

"अगं ताई, एवढासा तर गळ आहे..."

"त्याला उलटा काटा असतो ना? मासा सुटू नये म्हणून? मग हिच्या बोटातून कसा सुटेल? ओढलास तर मांस घेऊन येईल! दोरा काप, गळ आहे तसाच राहू दे. चल दवाखान्यात!"

डॉक्टरांनी बोट बधिर करून गळ काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. "बोट पूर्वीसारखं वाकतंय का, ते सूज उतरल्यावर कळेल. चार दिवस थांबा," ते म्हणाले.

कात्री धरायचं बोट ते! घड्याळजी बाकावरून उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते.

"घड्याळाच्या दुकानात तिळाएवढा स्क्रू पडला तर जमिनीवर पालथा पडून शोधतोस," ताई म्हणाल्या. "घरात मात्र तुझं सांडलेलं हिच्या बोटांनी शोधायचं, होय रे? गळांच्या पाकिटात गळ होते तरी किती?"

"मोजले नव्हते."

"शाब्बास!"

घड्याळजींनी मान खाली घातली. घरी येताच डोळ्याला दुकानातलं भिंग लावून, लोहचुंबक घेऊन ते खोलीभर रांगले. सतरंजीत दोन गळ निघाले, उशीच्या अभ्र्यात एक. सगळे झाकणाच्या डब्यात गेले आणि डबा कुलपात. तरी जिवाला स्वस्थता नव्हती. दिवसातून दहादा ते बायकोच्या पट्टीकडे बघायचे आणि दुसऱ्या खोलीत जायचे.

चौथ्या दिवशी पट्टी सुटली. बाईंनी बोट हळूहळू वाकवलं. वाकलं! घड्याळजींना रडूच आलं.

"चुकलं गं माझं. आता दुखत नाही ना?"

"बोट नाही दुखत," बाई म्हणाल्या. "पण आपल्याच घरात बसायच्या आधी हात फिरवून बघावं लागतं, त्याचं काय करू?"

घड्याळजी उठले आणि लोहचुंबक घेऊन पुन्हा सोफा तपासू लागले.

मंडळी, छंद आपला, तर त्याचा पसाराही आपलाच! गळ हातातून सुटला की थेट डब्यात जाऊ द्या. दोन मिनिटांनी नव्हे, त्याच क्षणी!