बाकापासून खिडकीपर्यंत

दादाचा आवाज गेला तेव्हा आमच्या बँडला एकोणीस वर्षं झाली होती. बँड म्हणजे आम्ही चौघंच. दादा गायचा आणि गाणीही तोच लिहायचा. मी गिटार वाजवायचो. ड्रमवर डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांना तोंड उघडायला सांगायचे आणि रविवारी स्वतः तोंड मिटून बडवायला बसायचे. कीबोर्डवर बाई. दादा शाळेत भूगोल शिकवायचा, बाई त्याच शाळेत संगीत. वयानं त्या आम्हा सगळ्यांपेक्षा मोठ्या, त्यामुळे कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द त्यांचा.

माझा सोफे शिवायचा कारखाना आहे. वरच्या माळ्यावर फोमचे ताव भिंतींना टेकवून ठेवलेले असतात, त्यामुळे कितीही दणदणाट केला तरी बाहेर काही जात नाही. दर रविवारी सकाळी आम्ही तिथं जमायचो. नावारूपाला वगैरे कधी आलो नाही. वर्षाकाठी पाच-सहा कार्यक्रम व्हायचे आणि लोक यायचे ते दादाचा आवाज ऐकायला. हे आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

दादाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं हॉस्पिटलात स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनला नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत दादा एकदाही गायला नाही, पण बोलत मात्र सुटला. भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी, वर्षानुवर्षं संबंध नसलेल्या मामेभावाशी. मला फोन करून त्यानं तासभर सोफ्याच्या स्प्रिंगा कशा बांधतात ते विचारलं. मीही सगळं सविस्तर सांगितलं, जणू त्याला धंद्यातच उतरायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या खालच्या बाजूला एक छिद्र राहिलं, श्वास तिथून. अकरा दिवसांनी दादा घरी आला तो खिशात छोटी वही आणि पेन्सिल घेऊन. जीव वाचला याचा आनंद इतका मोठा होता की बँडचं नाव काढायला कुणाचीच जीभ रेटेना. माळ्यावरच्या ड्रमवर मी चादर टाकली.

आठ महिन्यांनी विषय काढला तो दादानंच. वहीत लिहून दाखवलं, ‘दुसरा गायक बघा. गाणी तयार आहेत, कुजवू नका.’ खरंच आठ नवी गाणी तयार होती. डॉक्टरांच्या ओळखीतून एक मुलगी आली, पंचविशीची, फार सुरेल. दादा समोरच्या स्टुलावर बसून ऐकत होता, मान डोलावत होता, एका ठिकाणी तर त्यानं तिला हातानं वरच्या सुरावर जायची खूण केली आणि ती गेलीही. सगळं छान चाललं होतं. फक्त माझी बोटं चालेनात. जी गाणी झोपेत वाजवली असती, त्यांत मी तीनदा चुकलो. शेवटी मी गिटार खाली ठेवली आणि जमणार नाही म्हणालो.

ती मुलगी शहाणी. पाणी प्यायला म्हणून जिन्यावरून खाली गेली. दादा मात्र भडकला. ओरडता येत नव्हतं, म्हणून त्यानं इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. ‘माझ्या दुखण्याचं तू सोंग करू नकोस.’ वही माझ्या मांडीवर टाकली आणि निघून गेला. पुढचे दोन महिने तो माळ्याकडे फिरकला नाही. मी घरी गेलो की आतल्या खोलीत जाऊन बसायचा.

मग एके दिवशी दुपारी वहिनी कारखान्यात आल्या. त्यांना आमचं संगीत कधीच आवडलं नाही. लग्नानंतर पहिल्याच कार्यक्रमाला त्या कानात कापूस घालून बसल्या होत्या आणि तसं मोकळेपणानं सांगूनही टाकलं होतं. त्यांनी पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून माझ्या शिलाईच्या टेबलावर ठेवला.

“भावजी, हे वाचा,” त्या म्हणाल्या. “आधी वाटलं माझ्याशी बोलायला लिहितायत. पण हे माझ्याशी नाही. कुणाशीच नाही.”

त्या वह्यांत गाणी नव्हती. यमक नव्हतं, कडवी नव्हती. नुसती दृश्यं होती, दोन-दोन, चार-चार ओळींची. ‘रिकामी शाळा. घंटा झालीये, पण वर्गातून कुणी बाहेर येत नाही.’ ‘पूल. खाली पाणी आहे असं वाटतं, जवळ गेल्यावर कळतं धुकं.’ ‘माणूस नकाशा उघडतो. घडी उलगडतच जाते, खोली भरते, तरी त्याचं गाव येत नाही.’ एका पानावर नुसतंच, ‘पांढरं. पुष्कळ वेळ पांढरं.’

मी तो गठ्ठा बाईंना नेऊन दाखवला. बाईंनी चष्मा लावून उभ्या उभ्याच सगळं वाचलं. मग पियानोपाशी बसून डाव्या हातानं दोनच सूर धरले आणि उजव्या हातानं हळूहळू एक-एक थेंब सोडायला लागल्या. ते धुकंच होतं. थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं की या वेळी गाणी करायची नाहीत, फक्त वाजवायचं, आणि शब्दांची आठवण आली तरी ती दाबून ठेवायची.

दादाला आणायला बाईच गेल्या. काय बोलणं झालं कोण जाणे, पण रविवारी तो जिना चढून वर आला, माझ्याकडे न बघता स्टूल ओढलं आणि बसला. चादर डॉक्टरांनी काढली.

त्यानंतरचं वर्ष आमच्या एकोणीस वर्षांपेक्षा निराळं होतं. पूर्वी दादाचा आवाज पुढे असायचा आणि आम्ही त्याच्या मागून चालायचो. आता मागे लपायला जागाच उरली नव्हती. एकेक तुकडा सहा-सात मिनिटांचा होत गेला. डॉक्टरांनी ड्रमच्या काठ्या ठेवून मऊ ब्रश घेतले. मी गिटारचा सूर इतका लांबवायला शिकलो की कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते मलाही सांगता येऊ नये. रिकाम्या शाळेच्या तुकड्यात पाच मिनिटं काहीच घडत नाही आणि मग सगळे एकदम तुटून पडतो; पहिल्यांदा जमला तेव्हा फोम असूनही खाली ऐकू गेलं आणि रविवारी जादा कामाला आलेल्या कारागिरांनी काम थांबवून वर डोकावून पाहिलं. दादा ऐकत राहायचा आणि हातानं सांगायचा: अजून, थांब, इथे दार लावा. तळवा खाली केला की आम्ही विरत जायचो. माझ्याकडे तो बघायला कधी लागला ते कळलंही नाही. एका रविवारी मी चांगलं वाजवलं तेव्हा त्यानं माझ्या डोक्यात टपली मारली, एवढं आठवतं.

अडलं ते एकाच ठिकाणी. ‘पांढरं’च्या तुकड्याला दादा एक ठेका देत होता, स्टुलाच्या कडेवर बोटांनी. सात मात्रा, मग छोटासा थांबा, मग पुन्हा सात. त्यातही प्रत्येक दुसरी मात्रा जरा घासत, ओढल्यासारखी. डॉक्टर वैतागले. आठ करून टाकू, सुटसुटीत होईल, असं त्यांचं म्हणणं. बाईंनीही त्यांचीच बाजू घेतली, आणि शेवटचा शब्द बाईंचा असायचा. पण दादा पहिल्यांदाच बाईंच्या विरोधात गेला. मान हलवत राहिला आणि सातच वाजवत राहिला. कारण विचारलं तर वही काढेना. शेवटी डॉक्टरांनी तीन आठवडे दवाखान्यात पेशंटांच्या मधल्या वेळात गुडघ्यावर सराव करून तो ठेका बसवला.

ध्वनिमुद्रण माळ्यावरच केलं. सात तुकडे, सत्तेचाळीस मिनिटं. पूर्ण झाल्यावर आम्ही सगळ्यांनी बसून एकदा ऐकायचं ठरवलं आणि वहिनींना बोलावलं. एका ग्राहकाचा सोफा नुकताच शिवून झाला होता, त्यावर त्यांना बसवलं. या वेळी कापूस आणला नाही, अशी त्यांनी आल्या आल्या ग्वाही दिली.

पहिले तीन तुकडे त्यांनी पाहुण्यासारखे ऐकले, हात मांडीवर ठेवून. चौथा ‘पांढरं’चा. बाईंचे लांबलेले सूर, त्याखाली कुठूनतरी दुरून येणारा डॉक्टरांचा ब्रश. सात, थांबा, सात. मिनिटभरानं वहिनी ताठ झाल्या. त्यांनी पायाकडे पाहिलं. मग हात वर केला, आणि मी आवाज बंद केला.

“ही मी आहे,” त्या म्हणाल्या.

कुणालाच काही कळलं नाही.

“हॉस्पिटलात बाहेर मला बसवायचं नाही. बाकापासून खिडकीपर्यंत सात पावलं होती. तिथं उभी राहायची आणि परत फिरायची. चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून एक पाय ओढत.” त्या दादाकडे वळल्या. “तुम्ही शुद्धीवर नाही म्हणून सांगायचे मला. मी बाहेर आहे हे तुम्हाला माहीत नाही, याचंच मला... पहिले तीन दिवस मला तेच वाटत होतं.”

दादानं खिशातून वही काढली. मग लिहून त्यानं वही वहिनींना दिली, आम्हाला दाखवली नाही. वहिनींनी वाचलं, वही मिटली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. त्यात काय होतं ते मी आजवर विचारलेलं नाही. डॉक्टर उगाच ड्रमचे स्क्रू घट्ट करत बसले. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“लावा परत,” वहिनी म्हणाल्या. “सुरुवातीपासून.”

पुढे वेष्टनावर नावं छापायची वेळ आली. गिटारपुढे माझं, ड्रमपुढे डॉक्टरांचं, कीबोर्डपुढे बाईंचं. दादापुढे काय लिहायचं यावर बरीच चर्चा झाली. दिग्दर्शक म्हणा, असं डॉक्टरांनी सुचवलं. दादानं तोंड वाकडं केलं. मग स्वतःच लिहिलं, ‘श्रोता’.

“ती जागा माझी आहे,” वहिनींनी लगेच हरकत घेतली. “तुम्ही दुसरी बघा.”

दादा हसला. त्याच्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसते खांदे हलतात आणि गळ्यापाशी हवा फुसफुसते. खूप वेळ हलत होते. शेवटी वेष्टनावर त्याच्या नावापुढे काहीच छापलं नाही. आम्हा तिघांच्या वर, मधोमध, नुसतं नाव.

रेकॉर्ड फार खपली नाही. दोघा-तिघा जुन्या चाहत्यांनी गाण्यांची आठवण येते असं कळवलं, आणि ते खरंच असणार. एका अनोळखी स्त्रीनं मात्र लिहिलं की ती आईच्या उशाशी बसून चौथा तुकडा लावते, का ते तिलाही सांगता येत नाही. ते पत्र दादानं भूगोलाच्या नकाशांत घडी करून ठेवलंय.

वहिनी अजूनही कार्यक्रमाला येतात. पहिल्या रांगेत बसतात, आणि रिकाम्या शाळेचा तुकडा फुटायच्या आधी, न चुकता, दोन्ही कानांवर हात ठेवतात.