थंड कपाटाचा सूर

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटीच्या स्टुडिओत कपाट आलं त्या दिवसापासून.

कपाट म्हणजे खरं तर सिंथेसायझर. पण माणसाएवढा उंच, पुढून नुसती बटणं आणि भोकं, भोकांतून लोंबणाऱ्या वायरी, आणि खाली पियानोसारख्या पट्ट्या. थोरलीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "छकू, हे वाजवायचं की यात कपडे ठेवायचे?" धाकटी पोट धरून हसली आणि नाव पडलं ते पडलंच.

त्याआधी बावीस वर्षं दोघींचा जॅझ बँड होता. थोरलीची क्लॅरिनेट, धाकटीचा पियानो. ड्रमवाले आणि बासवाले येत-जात राहायचे. बँड थोरलीचा. धाकटीला पियानोवर बसवलं तिनेच, चुकली की बोटांवर पट्टी मारली तीही तिनेच. रंगात आल्या की दोघींचं 'चार-चार' सुरू व्हायचं. चार आवर्तनं क्लॅरिनेटने बोलायचं, चार आवर्तनं पियानोने उत्तर द्यायचं, पुन्हा क्लॅरिनेट, पुन्हा पियानो. त्यात भांडण असायचं, लाड असायचे, खोड्या असायच्या. ऐकणाऱ्यांचे घास हातात राहायचे.

मग बँडला बोलावणी कमी झाली. त्याच सुमारास टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका यायची होती आणि तिच्या दिग्दर्शकाला 'या जगातलं वाटू नये' असं संगीत हवं होतं. त्याने एका हॉटेलात दोघींना ऐकलं आणि बोलावलं एकट्या धाकटीला. तिच्यापासून दोन हातांवर उभी राहून थोरली जीव तोडून फुंकत होती. ती बहुधा त्याला दिसलीच नाही.

"ताई, तूही चल," धाकटी म्हणाली. "तुझ्याशिवाय मला जमायचं नाही."

थोरली गेली. आणि तिच्या वाट्याला काम काय आलं, तर कपाट लावायचं. त्या यंत्राची तऱ्हा अशी होती की थंड असताना ते सूर धरत नसे. तासभर आधी चालू करून तापवलं तर ठीक, नाहीतर वाजवता वाजवता सूर आपोआप खाली उतरत जायचा. म्हणून रेकॉर्डिंग अकराला असलं की थोरली दहाला यायची, बटण दाबायची, लाल दिवा लागला की स्टूल ओढून राखण करत बसायची. बँडची म्होरकी ती, आणि आता चूल पेटवून ठेवायची, स्वयंपाक दुसरीने करायचा!

घरी आईची वेगळी तऱ्हा. शेजारीण आली की आई सांगायची, "टीव्हीवर आमच्या धाकटीचं नाव येणार हो." शेजारीण भली बाई, ती विचारायची, "आणि मोठीचं?" आई म्हणायची, "ती पण असते तिथे."

ती पण असते तिथे! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण नावाचं दुःख तिने गिळलं असतं. एके दिवशी ती चहाचे कप घेऊन आत गेली, तर धाकटी पियानोपाशी डोळे मिटून बसली होती. टेपवर तिने कपाटाचे सूर भरून ठेवले होते, चार आवर्तनं सूर आणि चार आवर्तनं रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत ती पियानोवर उत्तर देत होती. कपाट बोललं की ती बोलायची, पुन्हा कपाट, पुन्हा ती. मध्येच ती खुदकन हसली. ते हसू थोरलीच्या ओळखीचं होतं. बावीस वर्षं ते तिच्या क्लॅरिनेटसाठी राखलेलं होतं, आणि आता ते लाकडाच्या आणि वायरींच्या एका ढिगाऱ्यावर उधळलं जात होतं. तिने कप तिथेच ठेवले आणि बाहेर येऊन स्वच्छतागृहात तोंड धुतलं. रडलेलं कुणाला दिसायला नको म्हणून दोनदा धुतलं.

पहिल्या भागाच्या शेवटच्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग ठरलं. यान रिकामं होतं, माणसं उतरून जातात, आणि इतकी वर्षं त्यांना हवा पुरवणारं यंत्र एकटंच मागे राहतं. साडेतीन मिनिटांत एक शब्द नाही, सगळं संगीतावर. दिग्दर्शक स्वतः येणार होता.

थोरली दहाला आली. बटणापाशी गेली, हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग बाहेर जाऊन बाकावर बसली. पर्समध्ये तिने त्या दिवशी क्लॅरिनेट सुटी करून घेतली होती. तिचा हिशेब सरळ होता. यंत्र दगा देईल, धाकटीची फजिती होईल, दिग्दर्शक घड्याळ बघेल, आणि मग धाकटी केविलवाणं तोंड करून म्हणेल, "ताई, तूच काहीतरी वाजव ना." बस्, एवढंच हवं होतं तिला. पावणेअकरा वाजून गेल्यावर तिने आत जाऊन बटण दाबलं. लाल दिवा लागला. धाकटीने आल्या आल्या दिवा बघितला, घाईघाईने सूर जुळवले आणि "तू आहेस म्हणून मला चिंता नाही" असं म्हणून बहिणीच्या पाठीवर थोपटलं. थोरलीने मान हलवली.

पडद्यावर यान आलं. धाकटीने लिहिलेली धून सुरू केली. पहिलं मिनिट नीट गेलं. मग सूर उतरायला लागला. अगदी बारीक, पण थोरलीच्या कानांतून काय सुटणार? तिने पर्सची चेन हळूच उघडली आणि धाकटीच्या चेहऱ्याकडे बघितलं. आता ही थांबणार, आता थांबणार.

धाकटी थांबली नाही. तिने मान थोडी कलती केली, समोरचा कागद सोडून दिला आणि उतरणाऱ्या सुराच्या मागे गेली. तो घसरला की ती गप्प राहायची, त्याला घसरू द्यायची, मग डाव्या हाताने शेजारच्या पियानोवर खालून एकच सूर लावून त्याला टेकू द्यायची. पुन्हा तो घसरायचा. म्हाताऱ्या माणसाला जिना उतरवावा तसं तिने त्या सुराला पायरी पायरीने खाली आणलं आणि पडदा काळा झाला तेव्हा नेमका सोडला.

दिग्दर्शकाने चष्मा काढून डोळे पुसले. "हे काय होतं?" तो म्हणाला. "ते यंत्र मरत होतं की काय?"

"काय माहीत," धाकटी लाजून म्हणाली. "सुचत गेलं."

थोरलीने पर्सची चेन लावून टाकली.

पहिला भाग गाजला. जो तो त्या शेवटच्या साडेतीन मिनिटांबद्दल बोलत होता. थोरली घरी मूग गिळून बसली होती. तिच्या दुष्टपणाचं बहिणीने सोनं केलं होतं, आणि ही गोष्ट सांगायची कुणाला? आपली चोरी आपणच कशी ओरडून सांगणार!

मग दिग्दर्शकाने सांगितलं, पुढच्या भागात तसंच हवं. तस्साच सूर. आणि इथे घोडं पेंड खायला लागलं. थोरली आता दहाच्या ठोक्याला कपाट लावत होती, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तापलेलं कपाट सुराला पक्कं. धाकटी बटण पिळून सूर हाताने खाली आणायची, तर तो खेळण्याची चावी संपल्यासारखा वाटायचा. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस थोरलीला जेवण गोड लागलं. चौथ्या दिवशी धाकटी पट्ट्यांवर डोकं टेकून बसलेली दिसली, आणि ती गोडी गेली. नवव्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, माझ्यातलं संपलं बहुतेक. एकदाच होतं तेवढं."

थोरलीला ते ऐकवेना.

"तसं काही नाही गं," ती म्हणाली. "त्या दिवशी कपाट थंड होतं. मी लावायला विसरले. उशिरा लावलं. म्हणून सूर उतरला."

धाकटी चिडेल, ओरडेल, असं थोरलीला वाटलं होतं. तिने तयारीही केली होती. पण धाकटीचा चेहरा नुसता रिकामा होत गेला.

"म्हणजे ते यंत्राचं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला सुचलं."

ती उठली, टेबलाजवळ गेली आणि फोनची तबकडी फिरवू लागली.

"कुणाला करतेस?"

"त्यांना. सांगते, ते माझं नव्हतंच. दुसरं कुणी बघा म्हणते."

बघ, मिळालं ना तुला हवं होतं ते, असं कुणीतरी थोरलीच्या आत म्हणालं. मालिका जाईल, कपाट परत जाईल, धाकटी मुकाट्याने पियानोवर येऊन बसेल. थोरलीने फक्त गप्प बसायचं होतं. पलीकडे घंटी वाजत होती, ती तिलाही ऐकू येत होती. गप्प बसणं किती सोपं होतं! पण तिने ती साडेतीन मिनिटं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. सूर उतरला तो कपाटाचा. तिथे दुसरं कुणीही असतं, ती स्वतः असती, तरी हात उचलून थांबली असती. त्या सुराला खाली नेलं ते धाकटीने. हे सगळ्या जगात एकट्या थोरलीला माहीत होतं, आणि हेच तिला इतके दिवस डाचत होतं.

पलीकडून कुणीतरी फोन उचलला. थोरलीने धाकटीच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"तुम्हाला हवा तो सूर उद्या मिळेल," ती म्हणाली. "ती वाजवेल. तेव्हाही तिनेच वाजवला होता, उद्याही तीच वाजवेल. तसं दुसऱ्या कुणाला यायचं नाही."

"आपण कोण बोलताय?" दिग्दर्शकाने विचारलं.

"तिची बहीण."

"अच्छा, अच्छा! त्या मशीन चालू करणाऱ्या?"

"हो," थोरली म्हणाली, "तीच." आणि तिने फोन ठेवला.

खोलीत कपाटाची बारीक घरघर तेवढी चालू होती. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. ताईच्या तोंडून कौतुक तिने जन्मात ऐकलं नव्हतं. "बरं झालं" याच्या पुढे ताई कधी गेली नव्हती.

"खरंच तुला तसं वाटतं?" तिने विचारलं. "की मला बरं वाटावं म्हणून बोललीस?"

"वाटतं," थोरली म्हणाली. "वाटतं म्हणूनच त्या दिवशी मी विसरले नव्हते, छकू. मुद्दाम उशिरा लावलं."