कापलेला पट्टा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे आणि मीही आजवर कुणावर चटकन विश्वास ठेवलेला नाही. स्वभावच तसा पडला. माणसाला पाण्याची खात्री असती तर त्याने मला शिवलंच कशाला असतं? माझा जन्म मुळी संशयाच्या पोटी झाला.

कारखान्यात मला वजन अडकवून टाकीत बुडवलं, बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं. माझी शिवण ओढून पाहिली, बकलं हिसडून पाहिली. ती माणसं माझ्यावर सतत संशय घ्यायची, म्हणून ती मला फार आवडायची.

तेव्हा माझा रंग भडक केशरी होता. छातीवर टपोरी बकलं होती. पण माझ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट कुणाच्या डोळ्यांत भरायची नाही. ती म्हणजे खालचा पट्टा. तो पाठीकडून निघायचा, दोन्ही मांड्यांमधून पुढे यायचा आणि पोटापाशी बकलात अडकायचा. माणूस पाण्यात पडला की तो खाली जाऊ पाहतो आणि मी वर उसळतो. आम्हा दोघांची फारकत होऊ न देणं हे त्या पट्ट्याचं काम. तो नसेल तर मी कानांवरून सरकत डोक्याबाहेर निघून जातो आणि एकटाच मजेत तरंगत राहतो.

कारखान्यातून मी आलो तो थेट अकोले तालुक्यात, श्रीमंतरावांकडे. धरणाच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी त्यांचा तंबू होता. शेतीसाठी धरणातून आवर्तन सुटलं की नदी फुगायची आणि तिच्याबरोबर श्रीमंतरावांचा धंदाही फुगायचा. रबरी होडीत पर्यटकांना बसवून खडकांमधल्या खळाळत्या पाण्यातून न्यायचं, हा तो धंदा. होडी चालवायचा कानिफनाथ. नदीकाठी वाढलेला, कमी बोलणारा माणूस.

सुरुवातीला माझी बडदास्त काय सांगू! रोज गोड्या पाण्याने आंघोळ, मग सावलीत वाळवणं. पाहुणे मला अंगावर चढवून फोटो काढायचे. पुढे गर्दी वाढली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. मला तंबूच्या छतावर उन्हात फेकू लागले. दुपारी मंडळी मला बुडाखाली घेऊन भाकरी खायची. मी जीव राखायला आलो होतो आणि माझी झाली गादी! बसून बसून माझ्या पोटातला फोम चेपत गेला. वरून मात्र मी तसाच गुबगुबीत दिसायचो. तेव्हापासून मी गुबगुबीत दिसणाऱ्यांवरही संशय घेऊ लागलो.

एका रविवारी तंबूपुढे मोठी रांग लागली. साडी नेसलेल्या काही बायका खालचा पट्टा बघून लाजल्या, एकमेकींना कोपरखळ्या मारू लागल्या. श्रीमंतराव वैतागले. त्यांनी कात्री आणली आणि आमच्या सगळ्यांचे पट्टे कचाकच कापले.

"मालक, मग हे वर सरकंल ना," कानिफनाथ म्हणाला.

"बायामानसं लाजत्यात. अन् एकेकाचं बांधत बसलो तर आवर्तन संपून जाईल. तू होडी बघ."

कानिफनाथ गप्प बसला. त्याचं ते गप्प बसणं मला आवडलं नाही. ज्याला कळतं आणि तरी जो बोलत नाही, त्याचा मला जास्त संशय येतो.

पुढे नगरचा काशिफ नावाचा तरणा गडी मला घालून होडीत बसला. होडी खडकाला थडकली आणि तो पाण्यात गेला. मी काय केलं म्हणता? मी वर उसळलो. त्याच्या हनुवटीवरून, कानांवरून सरकत गेलो. माझ्या ओढीने त्याचे हात आभाळाकडे उचलले गेले आणि मी त्याच्या अंगातून निसटलो. मित्रांनो, मी त्याला सोडून गेलो. मला त्याला धरायचं होतं, पण धरायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं.

कानिफनाथने त्याचे केस पकडून त्याला होडीत ओढलं, म्हणून तो वाचला. काठावर बसून तो नाकातोंडातलं पाणी काढत होता. श्रीमंतराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पाव्हनं, घाबरून तुमी हात वर केले. हात वर केल्यावर जॅकेट तरी काय करनार?"

"असेल भाऊ. मीच घाबरलो असेन," काशिफ म्हणाला आणि जाताना उलट त्यांचेच आभार मानून गेला. ज्याचा जीव जात होता, तोच मान खाली घालून चालला होता. मला त्या दिवशी फार रडू आलं. लोकांना वाटलं, पाणी निथळतंय.

दुसऱ्या दिवशी मला वाळवून पुन्हा सगळ्यांत पुढच्या खुंटीवर टांगलं.

त्यानंतरच्या आवर्तनात तिसगावहून करण आला. बरोबर नवी नवरी अश्विनी आणि आई रतनबाई. अश्विनीला होडीची भारी हौस. रतनबाई काठावर बसून बघणार होत्या. श्रीमंतरावांनी मलाच खुंटीवरून काढलं आणि अश्विनीच्या अंगावर चढवलं. आता हिलाही मी सोडून जाणार!

तेवढ्यात रतनबाई उठल्या. त्यांनी मला सुनेच्या अंगावरून काढून घेतलं, चिमटा काढला, वास घेतला, आतबाहेर उलटून पाहिलं. कारखाना सोडल्यापासून इतक्या संशयाने मला कुणी हात लावला नव्हता. त्यांची बोटं कापलेल्या टोकावर थांबली.

"हितं काय हुतं रं? कापल्यालं दिसतंय."

"जास्तीचा पट्टा हुता, मावशी. मांड्यांमधून जायचा. बायामानसं लाजत्यात म्हनून काढला."

रतनबाईंनी आपल्या नऊवारीच्या काष्ट्याकडे पाहिलं आणि त्या खदखदून हसल्या. "लाज? आरं, जलमभर कासोटा घालून खुरपलं मी, हिरीत उतरले, झाडावं चढले. कासोटा हाय म्हनून लुगडं जागंवर ऱ्हातं. तू ह्याचा कासोटाच फेडलास की!"

रांगेत हशा पिकला. श्रीमंतराव हसले नाहीत. "मावशी, आजपतुर हितं कुनाला काय झालं न्हाई."

मी कानिफनाथकडे पाहिलं. तो वल्ह्याकडे बघत होता.

"मंग तूच घाल हे," रतनबाई म्हणाल्या, "अन् त्या डोहात उडी मार. नीट तरंगलास की सून धाडते."

"आई, गप की. लोकं बघत्यात," करण पुटपुटला.

"बघू दे. बाजारात मडकं घेताना वाजवून घेते मी. हितं तर सून द्यायचीय."

एवढ्या माणसांपुढे मागे फिरायचं कसं? श्रीमंतरावांनी मला घातलं, बकलं गच्च आवळली आणि काठाजवळच्या डोहात उडी घेतली. ते खाली गेले. मी वर आलो, नेहमीसारखाच. हनुवटी, कान, कपाळ. त्यांचे हात वर ओढले गेले, तोंड माझ्या पोटात गुदमरलं. पट्टीचा पोहणारा माणूस, पण हातच मोकळे नाहीत तर पोहणार कसा? मी त्यांच्या अंगातून निसटलो. कानिफनाथने उडी मारली आणि त्यांना काठावर ओढलं.

खोकून खोकून श्रीमंतरावांचे डोळे लाल झाले. रतनबाई शेजारी बसल्या आणि काशिफचं काही ठाऊक नसताना मायेने म्हणाल्या, "घाबरून हात वर केलंस व्हय रं, बाबा?"

बोलला तो कानिफनाथ. "मालक, त्या नगरच्या काशिफभाऊचं बी असंच झाल्तं. त्यांनी हात वर न्हवते केले. ह्या जॅकेटानं केल्ते. मला तवाच कळलं हुतं, पन मी गप बसलो."

पाहुण्यांच्या वहीतून नंबर काढून त्याने सगळ्यांसमोर काशिफला फोन लावला. "भाऊ, तुमची चूक न्हवती," एवढंच तो म्हणाला. फोनचा आवाज त्याने मोठा केला होता. पलीकडून काशिफ म्हणाला, "भाऊ, मी त्या दिवसापासून पाण्याजवळ गेलो नाही. स्वतःला भित्रा समजत होतो."

श्रीमंतरावांनी ऐकलं आणि मान खाली घातली. त्या दिवशी होडी पाण्यात गेली नाही. अश्विनी हिरमुसली, पण सासूचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता.

पुढे बाकीच्या जॅकेटांना नवे पट्टे शिवले गेले. माझा फोमच चेपलेला, मी कामातून गेलो होतो. चुकून कुणाच्या अंगावर चढू नये म्हणून कानिफनाथने माझे खांदे कात्रीने कापले आणि मला तंबूच्या खांबाला टांगलं. त्याच कात्रीने, बरं का. या वेळी मला वाईट वाटलं नाही. आता तो प्रत्येक पाहुण्याला माझं कापलेलं टोक दाखवतो आणि मगच होडीत बसवतो.

तरी माझा स्वभाव जात नाही. पुन्हा रांग वाढेल, पुन्हा कुणालातरी घाई होईल, ही धास्ती मला दर रविवारी वाटते. म्हणून मित्रांनो, तुम्ही कुठल्याही पाण्यावर जा, अंगावर चढवलेल्या जॅकेटचा खालचा पट्टा आधी ओढून बघा. तुम्हाला कुणी हसलं तर हसू द्या. आणि "आजवर कुणाला काही झालं नाही" असं कुणी म्हणालं, तर त्यालाच ते जॅकेट घालून आधी पाण्यात उतरायला सांगा.