सप्पोरोहून दिवसभराच्या सहली

थंडीने माझ्या लेकाचं घर आकसतं, म्हणून मला रोज सकाळी सहलीला जावं लागतं. तक्रार नाही. थंडीत तूप गोठतं, टाचा फुटतात, तसं सप्पोरोत घर आकसतं. त्यात एवढं नवल ते काय! मकरंदने मला विमानतळावरच सांगून टाकलं होतं. "आई, हिवाळाभर दिवसा तिघं मावत नाही आपण. तू जरा हिंडून येत जा."

"हिंडायला आलेय होय रे मी?" मी म्हटलं.

मी आले होते बाळंतपणाला. युकारीला, म्हणजे माझ्या सुनेला, दिवस होते आणि तिची आई हयात नाही. मिरजेहून निघताना मी डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा असं सगळं बांधून घेतलं होतं. माझ्या मऊ झालेल्या साड्यांची दुपटी शिवली होती. नातू होवो नाहीतर नात, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, एवढ्यासाठी मी या वयात विमानात बसले. दुसरं काही नको होतं मला.

तर सहली. आधी मला जवळच धाडत. जोझानकेईला डोंगराच्या कुशीत गरम पाण्याची कुंडं आहेत आणि त्यांत बायका खुशाल नागव्याने बसतात. पहिल्या खेपेला मी साडी वर धरून नुसती पाय बुडवायच्या कुंडावर बसले. पुढच्या खेपेला म्हटलं, इथे मला ओळखतंय कोण, आणि उतरले आत. डोक्यावर बर्फ पडत होता आणि खाली अंग भाजत होतं. खरंच कुणी ओळखत नव्हतं. त्याचं नंतर फार वाईट वाटलं.

मग ओतारू. कालव्याकाठी जुनी गोदामं, त्यांच्या छपरांवर हातभर बर्फ, आणि दुकानांतून काचेच्या वस्तू. तिथे मी एका काचेच्या दिव्याशी अर्धा तास बोलत उभी होते, दुकानातली मुलगी बिचारी हसून मान डोलवत होती. मग त्याहून लांब, नोबोरिबेत्सूला. तिथे जमिनीतून वाफा येतात, गंधकाचा वास सुटतो, त्या दरीला नरकच म्हणतात. मेल्यावर बघायचं ते त्याच तिकिटात बघून आले.

दर वेळी आधीच्याहून लांब. आणि संध्याकाळी परतावं तर घर आदल्या दिवसाहून लहान. पहिल्यांदा कपाटं भिंतीत गेली. मग जेवायचं टेबल गेलं. आम्ही तिघं गुडघ्याला गुडघे लावून वरणभात खायचो. मकरंद न्हाणीच्या टबात झोपायचा, माझ्या उशाशी शेगडी यायची, आणि डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवायला जागा नाही म्हणून मी तो पोटावर घेऊन झोपायचे.

बाळ काही येईना. नववा सरला, दहावाही सरला. युकारीचं पोट एवढं मोठं, की संध्याकाळी तिच्याकडे बघून मलाच धाप लागायची.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारायचे.

"जागा झाली की येईल म्हणतात," मकरंद म्हणायचा आणि भांडी घासायला घ्यायचा.

बसमध्ये ओगावा नावाचे एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी बसत. त्यांचंही घर, म्हणजे त्यांच्या मुलीचं, आकसत होतं. त्यांनी हातांनी दाखवलं: आधी एवढं, मग एवढं, मग चिमटीएवढं. ते जपानीत बोलायचे, मी मराठीत. कधी अडलं नाही. संक्रांतीला मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोला म्हटलं. ते दिवसभर काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, त्या दिवशी दोघांनाही घरची फार आठवण आली.

मग एका सकाळी ओगावांनी मला तांदळाची कडक चकती दिली. मी तोंडात घातली आणि चावायला गेले तर कवळीच नाही. काय हा वेंधळेपणा! दात घरी वाटीत राहिले होते. बस अजून शहरातच होती, मी उठले. ओगावांनी माझी बाही धरली.

"संध्याकाळी," ते म्हणाले.

"अहो, दिवसभर काय पेज पिऊ?" मी म्हटलं.

त्यांनी बाही सोडली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी उतरले.

बर्फातून चालत मी घरी आले आणि किल्लीने दार उघडलं. मी येतेय हे घराला कळलंच नव्हतं. दारापासून एक लांबच लांब दालन आत गेलं होतं. एका बाजूला खिडक्या, खिडक्यांतून ऊन, खाली नव्या चटयांचा वास. मिरजेच्या स्टेशनचा फलाट असेल एवढं लांब. पार त्या टोकाला युकारी बसली होती. तिचं पोट सपाट होतं. मांडीवर माझ्या निळ्या साडीचं दुपटं होतं आणि दुपट्यातून एक मूठ वर आलेली होती.

मकरंद चालत माझ्याकडे आला. यायला त्याला बराच वेळ लागला.

"आई, तू संध्याकाळी यायचंस ना."

"दात विसरले. ते कोण आहे?"

"मुलगी आहे."

"कधी झाली?"

"रोज होते. तू बस धरलीस की."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तू येतेस."

"मग ही जाते कुठे?"

"परत पोटात," मकरंद म्हणाला. "मावत नाही ना, आई."

आधी मला हसूच आलं. मग मी दाराची चौकट धरली. म्हणजे मी नोबोरिबेत्सूला वाफा बघत उभी असताना इकडे माझी नात खेळत होती, आणि मी परतीच्या बसमध्ये बसले की तिला आत घालायची घाई होत होती. रोज. आणि मी येऊन विचारायचे, डॉक्टर काय म्हणतात!

"मला घेऊ दे की रे तिला. एकदाच."

मी बूट काढून आत पाऊल टाकलं. त्या टोकाची एक खिडकी मिटली. आणखी एक पाऊल टाकलं, आणखी एक मिटली. टोक माझ्याकडे सरकलं, युकारी जवळ आली, तसं तिचं पोट वर आलं आणि दुपटं ढिलं पडलं. बाळ रडत होतं, पण जाड रजईखालून यावा तसा आवाज येत होता.

"आई-सान, नको," युकारी म्हणाली. ती माझ्याशी कधी वर तोंड करून बोलली नव्हती. आताही हळूच म्हणाली.

मी उलट्या पावली दारापर्यंत मागे गेले. रडणं पुन्हा मोठं झालं. चांगला खणखणीत गळा आहे पोरीचा.

मकरंदने वाटीतली कवळी आणून दिली. मी ती बसवली. आता निघायचं. पण विसरलेल्या वस्तूसाठी माघारी फिरलं, की लगेच बाहेर पडायचं नसतं. घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. हे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मकरंद सप्पोरोत दहा वर्षं राहिला तरी विसरला नव्हता. मी काही म्हणायच्या आत त्याने दाराशी उशी टाकली आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला.

मी टेकले. त्याच्या पाठीमागे एकेक खिडकी मिटायला लागली. त्याला ते दिसत नसेल, पण ऐकू येत होतं.

"सावकाश पी," तो म्हणाला. "ठसका लागेल."

पोरगं वाईट नाही हो माझं. वाईट असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. इकडे आड, तिकडे विहीर. बसून राहावं तर नात जन्मत नाही, जावं तर ती मला दिसत नाही. माझा लेक समोर उकिडवा बसून, डोळ्यांत पाणी आणून, मी पाणी पिते की नाही ते बघत होता. त्या टोकाचा आवाज बारीक होत चालला होता. मी पेला एका घोटात संपवला, उठले आणि बाहेर पडले.

निघताना येते म्हणायचं असतं. ते मी म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

बाहेर बर्फ गुडघाभर होता. मी घराच्या भिंतीला लागून चालायला लागले आणि घर माझ्याबरोबर यायला लागलं. बसथांबा गेला, पोस्टाची पेटी गेली, मोटारी बर्फात बुडाल्या होत्या त्या गेल्या, तरी भिंत संपेना. दहा पावलांवर एक खिडकी होती. पहिल्या खिडकीत नात युकारीच्या खांद्यावर होती, मान अजून धरत नव्हती. पुढच्या खिडकीत ती रांगत होती. त्याच्या पुढच्या खिडकीत काचेला हात लावून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसली. वर दोन दात होते, खाली एक.

मला दम लागला. मी थांबले, वळून घराकडे जरा झुकले, तर ती मटकन बसली आणि रांगायला लागली. मग मी थांबले नाही. पाय बधिर झाले, पदर बर्फाने कडक झाला, तरी चालत राहिले, आणि ती आतून माझ्याबरोबर पळत राहिली, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. तिला केस आले. केसांना रिबिनी आल्या. पाठीवर लाल दप्तर आलं. तिचा चेहरा माझ्या आईसारखा होत होता, आणि हे सांगायला आजूबाजूला एक माणूस नव्हतं.

मग घराचं टोक आलं. तिथे एक खिडकी होती, आणि ती तिने सरकवून उघडली. खिडकीच्या कठड्यावरचा बर्फ तिने हाताने झाडला.

"आजी," ती म्हणाली, "बाहेर केवढी थंडी आहे. आत ये की."

मराठी मकरंदने शिकवली असणार. सुरातला तो हेल तर थेट मिरजेचा होता. मी म्हटलं, "नको गं बाई, मला अजून पुढं जायचंय." ती मानेना. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझं बोट धरलं. गरम हात होता. आत, पार लांब, मकरंद काहीतरी ओरडत होता आणि खिडक्या मिटल्याचे आवाज येत होते. तिची मूठ माझ्या बोटावर लहान लहान होत चालली होती, आणि मी अजून बोट काढून घेतलेलं नव्हतं.