चौदा तळहात

पडद्यावर स्वतःचाच फोटो आला आणि शारदा मॅडमच्या हातातला चहा साडीवर सांडला.

रविवारची सकाळ होती. बुलढाण्यातल्या एका मंगल कार्यालयात कुशलने माहिती-सभा ठेवली होती. कुशल त्यांचा जुना विद्यार्थी. आता तो कर्नाटकातल्या आगुंब्याच्या वर्षावनात सहली न्यायचा. मागच्या ऑगस्टमध्ये शारदा मॅडम आणि त्यांचे यजमान नीळकंठराव त्याच्याच गाडीतून गेले होते. फोटोत मॅडम हसत होत्या. तळहातावर हिरवागार बेडूक, बोटांमध्ये शेंदरी पडदे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जबाबदार पर्यटन : जंगलाला धक्का न लावता.'

मॅडम उठल्या.

"कुशल, त्या बेडकाचं पुढं काय झालं ते सांग यायले."

"मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी घेतो न."

"मीच सांगते मग."

नीळकंठरावांनी त्यांचा पदर ओढला. मॅडमनी तो सोडवून घेतला.

आगुंब्यात त्या दिवशी घडलं होतं ते असं. सकाळी उतरत्या पायवाटेवर एका पानाला चिकटून तो बेडूक झोपला होता. ज्यांच्या घरी सगळे उतरले होते, त्या बाई वाट दाखवायला सोबत होत्या. मोडक्यातोडक्या हिंदीत त्या दोनदा म्हणाल्या, हात लावू नका. कुशलने हसून बेडूक पानावरून उचलला आणि चौदा जणांच्या तळहातांवर एकेक करून ठेवला. फोटोसाठी. सहावा तळहात शारदा मॅडमचा. जळवा आणि डासांसाठी सगळ्यांनीच हातापायांना मलम चोपडलेलं होतं. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, हे मॅडम एकवीस वर्षं नववीच्या पोरांना शिकवत आल्या होत्या. तरी त्यांनी हात पुढे केला, कारण फोटो छान येणार होता.

चौदाव्या हातावरून बेडूक परत पानावर ठेवला, तेव्हा तो चिकटलाच नाही. घसरून खाली पडला. पाय ताणले आणि तसाच राहिला. कुशलने बुटाने त्याला झुडपात सारलं. "चला, नाश्ता थंडा होऊन राह्यला." मॅडम निमूट नाश्त्याला गेल्या.

हे सगळं त्यांनी भर सभेत सांगितलं. मधेच माइक बंद झाला, पण वर्गात कमावलेल्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

"अन् तू म्हणतो, धक्का न लावता? माझ्या तोंडाखाली लिहितो? काढ तो फोटो!"

"एक बेंडूक मेला तं एवढं काऊन चिडता, मॅडम?"

मागे कोणी तरी हसलं. मॅडम तिकडे वळल्या. "हसा. मीबी हसलेच होते, पाहा वर."

हसणं थांबलं. कुशलने पडदा बंद केला. पण त्या बाहेर पडल्या तेव्हा नावं नोंदवायच्या टेबलापाशी रांग होतीच.

"आपल्याले याच गावात राहाचं आहे," घरी येताना नीळकंठराव चिडून म्हणाले. "तो बेंडूक काय तुझ्या एकटीच्या हातानं मेला?"

"नाही. चौदा हातानं. पण आपल्या हाताचं कोण बोलून राह्यलं? तुमचाबी हात होता."

घरी पोचल्याबरोबर मॅडमनी आगुंब्याच्या बाईंना फोन लावला. आधी माफी मागितली, मग पडद्यावर काय लिहिलं होतं ते सांगितलं. मग बाई म्हणाल्या, त्या माणसाच्या गाडीला आता आमच्याकडे खोली नाही.

तिसऱ्या दिवशी कुशल फाटकात येऊन थांबला. मोटारसायकलवरून उतरलासुद्धा नाही.

"माझ्या धंद्यावर काऊन उठल्या तुम्ही? शिकवलं मले, अन् आता मारता?"

"शिकवलं म्हणूनच जास्त राग येऊन राह्यला. तुहाबी अन् माहाबी," मॅडम म्हणाल्या. "त्या बाईची माफी माग. पुढच्या टायमाला रिकाम्या हातानं जंगल दाखव. मलम नाही, उचलणं नाही, दुरून पाह्यचं. मंग मी स्वतः सांगते तिले, याले खोली दे म्हणून."

"अन् लोकायले फोटो पाह्यजे असतात, त्याचं काय?"

"पानावर बसल्याचा काढ न बे!"

कुशलने गाडीला किक मारली आणि तो निघून गेला. मॅडमनी फाटक इतक्या जोरात लावलं की शेजारची कौशल्याबाई बाहेर आली. काय झालं म्हणून तिने विचारलं, आणि मॅडमनी तिलाही सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.