खुंटीवरची मोट

विहिरीवर विजेचा पंप बसला, तेव्हा भागिरथाने नवऱ्याला बजावलं होतं, की चामड्याची जुनी मोट जपून ठेवा, पण अधूनमधून भिजवून चालवूनही पाहा. इंद्रभान मान हलवून मोकळा झाला.

उन्हाळ्यात वीज गेली ती परत यायचं नाव घेईना. मिरचीने माना टाकल्या. मग इंद्रभानने मोठ्या रुबाबात गोठ्यातल्या खुंटीवरून मोट काढली. वाकवताच ती करकरली आणि पाणी ओतायच्या सोंडेला चीर गेली.

“ठिवली होती ना मी! तू सांगतलं तशी!”

“ठिवली, पन भिजवली का कधी?”

“पंप चालू असतानी कायले भिजवू?”

भागिरथाने कपाळावर हात मारला. आता मोट भिजवायलाच पाणी हवं होतं, आणि ते विहिरीच्या तळाशी होतं. तिने दोर-बादली त्याच्या हाती दिली.

“वढा आता!”

विहिरीजवळचं टाकं अर्धं भरलं आणि पंप गुरगुरला. इंद्रभानने बादली टाकली.

“आली वं लाइन! सुटलो!”

“कुठी चालले? मोट टाक्यात बुडवा. नरमली का सोंड शिवा.”

“अवं, पंप चालू झाला ना!”

“म्हनूनच!” भागिरथा म्हणाली आणि दाभण आणायला गेली.