समोवारासाठी माझा प्लग काढला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा-मालवायचा असतो तो नव्हे. माझ्या तोंडावर चोवीस भोकं आहेत, प्रत्येकात एक तार खोचलेली असते, आणि एका तारेतून आलेला निरोप नेमक्या दुसऱ्या तारेत सोडणं हेच माझं काम. माणसं संगणकाचं कौतुक करतात, मोबाईलला छातीशी धरून झोपतात. माझी आठवण त्यांना मी बंद पडल्यावरच येते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते पाठीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं. ती पट्टी पुसली गेली. प्रवास मात्र आठवतो. लोकरीच्या पोत्यांखाली दबून मी घाट चढलो, नारीन शहर ओलांडलं आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या या छोट्या रुग्णालयात उतरलो. पहिल्या दिवशी थाट विचारू नका! रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी लाल फीत कापली, माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला. राजधानीतून येणारी काचेची तार थेट माझ्यात खोचली. दुसऱ्या दिवशी मला चादरींच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर चढवलं आणि सगळे विसरले. वीज गेली तर मला जिवंत ठेवणारी बॅटरीची पेटी माझ्यासोबत आली होती. ती दोन महिन्यांत साहेबांच्या टीव्हीखाली गेली. मी हे कुणाला घाबरून झाकणार नाही. गेली ती गेली, आणि सगळ्यांना माहीत होतं.

मला विसरली नाही ती एकटी मीरगुल. ती मूळची इथली टंकलेखिका. तारांचं काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीच स्टूल ओढून माझ्यासमोर बसायची, माझे दिवे बघायची, वहीत लिहायची. महिन्यातून एकदा रंगाच्या मऊ ब्रशनं माझी धूळ काढायची. तिच्या हातांत मी सहा हिवाळे सुखात काढले.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मार्च होता. सकाळच्या वादळानं डोंगरावरचा मोबाईलचा मनोरा बंद पाडला होता. त्यात तुर्दुमामात अतांना त्यांच्या लेकीनं, जीपारनं, गाडीत घालून आणलं. अता म्हणजे बाबा. सत्तरी ओलांडलेला मेंढपाळ, पण दोन पावलं टाकली की धाप. इथल्या कुबात डॉक्टरांनी आतलं हलतं चित्र दाखवणारं यंत्र छातीवर फिरवून पाहिलं आणि मान हलवली. हृदय हा त्यांचा विषय नव्हता. राजधानी बिश्केकचे हृदयाचे डॉक्टर दोन वाजता बसणार, इथलं हलतं चित्र तिथं बघणार आणि सांगणार: म्हाताऱ्याला राजधानीत न्यायचं की इथंच ठेवायचं. त्या वाटेवरचा दोलोनचा घाट पाचला बंद होणार होता. आजचा दिवस हुकला की पुढचे दोन-तीन दिवस वाट नव्हती.

त्याच दिवशी वरच्या कार्यालयाचा हुकूम आला होता: सगळ्या पेट्यांचं फर्मवेअर आजच बदला. फर्मवेअर म्हणजे माझ्या पोटातली शिकवण; मी कसं जागं व्हावं, कुठली तार कुठं जोडावी, हे सगळं त्यात असतं. मीरगुलनं हिशोब केला. आत्ता साडेबारा, काम वीस मिनिटांचं, दोनच्या आत मोकळी. माझ्या पोटात दोन प्रती मावत नव्हत्या म्हणून तिनं जुनी पुसली आणि नवी आत सोडली. मग स्टुलावर बसून माझ्या दिव्यांवर डोळे लावले.

तेवढ्यात दारात साकिन आपा. ही रुग्णालयाची सफाई करते, चहा करते आणि सगळ्यांवर ओरडते.

"मीरगुल, ऊठ! अतांच्या घरची माणसं आलीत, नान आणलंय, तळलेले बोरसोक आणलेत. तोंडाला लाव आणि ये परत."

"आपा, मला इथून हलता येणार नाही. हे अर्ध्यात आहे."

"डबा काय पळून जाणारे? माणसं लांबून आलीत. नान नाकारशील तर लेकीला वाटेल, बापाचं काही खरं नाही म्हणून ही तोंड लपवते."

आजाऱ्याच्या घरची भाकर आपल्याकडं कुणी परतवत नाही. मीरगुल गेली. "एकच घास," म्हणत गेली.

आणि पाहुण्यांना चहा पाहिजे म्हणून साकिन आपा विजेचा समोवार, म्हणजे पाणी उकळायचं भांडं, घेऊन आली. त्या मजल्यावर चालू सॉकेट एकच, माझं. तिनं माझा प्लग उपसला, समोवाराचा लावला आणि गुणगुणत बाहेर गेली.

मित्रांनो, अर्ध्या शिकवणीवर वीज जाणं म्हणजे काय ते मला विचारा. मीरगुल घास गिळत परत आली, समोवार पाहिला आणि त्याचा प्लग उपसला. माझा प्लग परत लावला. माझा एकच नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. बाकी चोवीसच्या चोवीस दिवे विझलेले.

सगळे जमले. मोठे साहेबही आले. "कोण मूर्ख आहे हा? कुणी प्लग काढला?"

साकिन आपा डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत म्हणाली, "मीच. मला काय ठाऊक, त्याच्या पोटात काय चाललंय?"

"साहेब, ओरडा नंतर," मीरगुल म्हणाली. "आपांना मी सांगितलं नव्हतं, दारावर चिठ्ठीही लावली नव्हती. आता सगळे बाहेर. मला माझा लॅपटॉप लावायला लांब वायरचा बोर्ड द्या."

कुबात डॉक्टर थांबले. "मीरगुल, साध्या फोनवर ते डॉक्टर बोलतील, पण चित्राशिवाय ते सांगणार काय? मी पावणेतीनपर्यंत थांबतो. तोपर्यंत चित्र नसेल तर मी अतांना गाडीत घालतो."

"थांबा, बाइके," मीरगुल म्हणाली. मोठ्या भावासारख्या माणसाला इथं बाइके म्हणतात.

तिनं मला बंद केलं, दहापर्यंत मोजलं, चालू केलं. तेच लुकलुकणं. सगळ्या तारा काढल्या, पुन्हा चालू केलं. तेच. मग तिनं ट्रंकेतून निळी चपटी तार काढली. ही तार माझ्या पाठीमागच्या भोकात घालतात, आणि मी गोंधळलेलो असलो तरी तिच्यातून बोलू शकतो. लॅपटॉपवर माझी अक्षरं आली, पण सगळा कचरा: चौकोन, फुल्या. तिनं तारेतून बोलण्याचा वेग बदलला. पुन्हा कचरा. आणखी बदलला. आणि माझं वाक्य पडद्यावर नीट उमटलं: नवी प्रत अपुरी, जुनी नाही.

"म्हणजे जिवंत आहेस," ती पुटपुटली. "बोलतोयस ना, मग झालं."

नव्या प्रतीची फाईल तिच्या लॅपटॉपमध्ये होती. त्या बारीक तारेतून ती मला भरवायची म्हणजे पाऊण तास लागणार होता. एक वाजून वीस मिनिटांनी सुरुवात झाली. मी एकेक तुकडा घ्यायचो, तपासायचो, "मिळाला" म्हणायचो, मग पुढचा. दारात पाठ लावून साकिन आपा बसली होती. कुणी जवळ आलं की म्हणायची, "पुढं पाऊल टाकलंस तर झाडूनं पाय मोडीन. खुद्द साहेबांचासुद्धा."

दोन वाजून सात मिनिटांनी शेवटचा तुकडा आला. मीरगुलनं मला उठवलं. एक मिनिट मी नवी शिकवण वाचून काढली. मग पहिला हिरवा, दुसरा हिरवा, आणि काचेच्या तारेचा दिवा.

चित्र गेलं. काळं-पांढरं, धडधडणारं एक मूठभर हृदय माझ्यातून डोंगर ओलांडून गेलं. बिश्केकचे डॉक्टर एकच मिनिट बघत होते. मग म्हणाले, "हृदयाभोवती पाणी भरलंय. घाटाची उंची याला सोसणार नाही, वाटेतच जाईल. हलवू नका. कुबात, सुई घ्या, मी दाखवतो कुठं." आणि पुढचा अर्धा तास त्यांचा एकेक शब्द, यंत्राची एकेक हालचाल माझ्या पोटातून गेली. मी एकही थेंब सांडला नाही.

तुर्दुमामात अता पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेले. जाताना जीपारनं साकिन आपाला मिठी मारली, आणि दोघींनी खूप वेळ सोडली नाही.

साहेबांनी भिंतीवर कागद लावला: चहास मनाई. मीरगुलनं तो काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, आपांचा दोष नाही. दोष तुमचा आणि माझा. पाहुण्यांच्या चहाला आणि रुग्णाच्या जिवाला आपण एकच सॉकेट दिलं." साहेब लाल झाले, पण वायरमन आला. आज माझं सॉकेट वेगळं आहे, आणि बॅटरीची पेटी टीव्हीखालून माझ्याजवळ परत आली आहे. मी खूश आहे, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, फीत कापायला माणसं ढीगभर मिळतात, धूळ पुसायला एखादीच मिळते. तिला जपा. जुनं शाबूत असल्याशिवाय नवं पोटात भरू नका. अर्ध्यावरचं काम असेल तर दारावर चिठ्ठी लावा. आणि तुमच्या शाळेत, दवाखान्यात, कपाटावर लुकलुकणारी पेटी दिसली तर प्लग ओढण्याआधी विचारा, तिची दुसरी तार कुठं जाते. ती कुणाच्या तरी छातीपर्यंत गेलेली असते.